मालवणचं बंदर महाराजांनी निवडलं, मग ते मोठं का झालं नाही?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आजोळ मालवण, लहानपणापासून जेटीवरून सिंधुदुर्ग बघत आलात, शाळेत शिकलात की महाराजांनी किनारा धुंडाळून ही जागा निवडली, आणि आता बघावं तर जेटीवर पर्यटकांच्या होड्या आणि मासेमारीच्या बोटी एवढंच. मग एवढी निवडक जागा असून मुंबई सोडा पण निदान गोव्यातल्या मुरगावसारखं बंदर तिथं का उभं राहिलं नाही, ब्रिटिशांनी ते मुद्दाम मारलं असं तुमचे मामा सांगतात ते खरं का, आणि आज एवढी मशिनरी आहे तर खडक फोडून, गाळ काढून ते करता येईल का.

किनाऱ्याचा भूगोल शिकवण्यात आणि मुलांना घेऊन पुळणी (वाळूचे किनारे), खडपं, खाड्यांची मुखं मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यातही मालवण-देवबागचा पट्टा सगळ्यात जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट मोकळी करू. तुमच्या प्रश्नात 'चांगलं बंदर' असं एकच काहीतरी धरलंय. बंदर चांगलं म्हणजे कुठल्या जहाजाला, कुठल्या महिन्यात आणि कोणापासून लपायला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थ राहत नाही. 1664 ला ज्या कारणांसाठी मालवण उत्तम होतं नेमकी तीच कारणं 1864 ला त्याच्या आड आली. जागा तीच राहिली, खडक तेच राहिले, जहाज बदललं.

आता त्या जागेकडे बघू. नकाशा उघडा, शक्यतो सॅटेलाइट, आणि ओहोटीच्या वेळचं चित्र मिळालं तर सोनं. उत्तरेला राजकोटचं टोक पाण्यात घुसलेलं दिसेल, त्याच्या वर चिवल्याची पुळण आणि अजून वर कोळंब खाडीच्या मुखाशी सर्जेकोट. राजकोटपासून दक्षिणेला जेटी, मग दांडी, वायरी, आणि तिथून सरळ रेघ मारल्यासारखी वाळू तारकर्ली-देवबागपर्यंत, कर्ली नदीच्या मुखाला जाऊन संपते. या वाकलेल्या किनाऱ्यासमोर पाण्यात कुरटे बेट, ज्यावर सिंधुदुर्ग आहे, आणि दांडीच्या समोर लहानसं पद्मगड. आणि या दोघांच्या मध्ये, बाहेर, आजूबाजूला, काही दिसणारे काही न दिसणारे खडकच खडक. 1880 चं रत्नागिरी जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर मालवणबद्दल पहिल्यांदा हेच सांगतं, की हा उपसागर खडकांच्या रांगांनी जवळजवळ पूर्ण अडवलेला आहे.

त्याच वर्णनात अजून एक गोष्ट आहे जी मालवणातल्या माणसांनाही बऱ्याचदा माहिती नसते. तिथं म्हटलंय की इथं आधी तीन बेटं होती. दोन बाहेरची, म्हणजे सिंधुदुर्ग आणि पद्मगड, आणि तिसरं आतलं, किनाऱ्यापासून एका चिंचोळ्या पाण्याच्या पट्टीने तुटलेलं. ते तिसरं बेट आता मुख्य जमिनीला चिकटलंय आणि जुनं मालवण गाव त्याच्यावरच वसलेलं होतं, माडांच्या आड जवळजवळ लपलेलं. म्हणजे तुम्ही आजोळी ज्या गल्ल्यांतून फिरता त्यातल्या काही गल्ल्या एके काळी बेटावरच्या होत्या.

हे कसं होतं ते नीट सांगतो कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. समुद्रातून लाट सरळ येत असते. वाटेत बेट आलं की बेटाच्या दोन्ही बाजूंना पाणी उथळ असल्यामुळे लाटेचा तेवढा भाग मंदावतो आणि बाकीचा पुढे जातो, त्यामुळे लाट बेटाभोवती वाकते, दोन्ही बाजूंनी वळून मागच्या बाजूला एकमेकींना भेटते. बेटाच्या मागे, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला, तिची ताकद गेलेली असते. ताकद गेली की तिने उचलून आणलेली वाळू ती तिथंच टाकते. वर्षानुवर्षं वाळू पडत राहिली की किनाऱ्याकडून बेटाकडे एक जीभ वाढायला लागते आणि शेवटी बेट जमिनीला जोडलं जातं. भूगोलात याला टोंबोलो म्हणतात. आतल्या बेटाचं हे काम पूर्ण झालंय, पद्मगडचं चालू आहे. मोठ्या उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, सुकतीला (पूर्ण ओहोटीला) दांडीवरून पद्मगडाकडे चालत जाता येतं ते या वाळूच्या पट्टीमुळेच, आणि गॅझेटियरच्या काळातही ओहोटीला ती उघडी पडत होती. सिंधुदुर्गाचं बेट जास्त बाहेर आहे, त्याच्या मागे पाणी टिकून आहे, पण वाळू बसण्याचा कल तिथंही तोच.

यातून लक्षात घ्यायचं ते असं, की लाट अडवणारं बेट आणि खडक आतलं पाणी शांत करतात, आणि शांत पाणी गाळ-वाळू धरतं. म्हणजे जितका आसरा चांगला तितकं पाणी उथळ होण्याकडे ओढ. अपवाद म्हणजे जिथं मोठी नदी किंवा मोठ्या भरती-ओहोटीचा प्रवाह तो गाळ रोज दोनदा ओहोटीबरोबर बाहेर ढकलतो. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, शिवाय आत केवढं मोठं खाडीक्षेत्र भरतं आणि रिकामं होतं, त्या येण्याजाण्यानेच चॅनेल खोल राहतो. मालवणला हाच फरक दोन-अडीच मीटरच्या आसपास, आणि कर्ली, गड या नद्यांची मुखं या उपसागरात नाहीत, एक दक्षिणेला देवबागला आणि एक उत्तरेला तळाशिलच्या बाजूला. कोळंबची खाडी छोटी. म्हणजे मालवणच्या बंदराला झाडून साफ करणारं कोणी नाही.

खडक कुठून आले तेही एका दमात सांगून टाकतो. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता आणि किनारा खूप दूर पश्चिमेला. तेव्हा कुरटे बेट ही एक टेकडी होती आणि आजूबाजूचे बुडालेले धोंडे ही तिचीच पिलावळ. बर्फ वितळलं, पाणी चढलं, सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या जागेला आलं, आणि टेकड्यांचे माथे बेटं झाले, जे माथे बुटके होते ते पाण्याखाली राहिले.

आता 1664. त्या वर्षी जानेवारीत सुरत लुटली, वर्षाच्या उत्तरार्धात महाराज कुडाळ-वेंगुर्ल्याच्या बाजूला होते. दक्षिण कोकण हातात येत होतं पण समुद्रावर दुसऱ्यांची सत्ता होती, गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्यात डचांची वखार, उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी. अशा वेळी आपल्या आरमाराला गोव्याच्या जवळ एक हक्काचं ठिकाण हवं होतं. 25 नोव्हेंबर 1664 ला पायाभरणी झाली, दांडीजवळ मोरयाचा धोंडा आहे तिथं पूजा झाल्याचं परंपरा सांगते, आणि तीन वर्षांत, 1667 ला, किल्ला उभा राहिला. चौऱ्याऐंशी बंदरांत अशी जागा नाही, असं जे म्हणतात ते या जागेबद्दल.

का नाही, हे समजून घ्यायला त्या वेळच्या जहाजांकडे बघायला हवं. मराठ्यांच्या आरमारात मुख्य दोन प्रकार, गलबत आणि गुराब. गलबत साधारण सत्तर टनांपर्यंतचं, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ही. गुराब मोठी, दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांच्या आसपास, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत, पण बांध असा रुंद की पाण्यात फार खोल बसायची नाही. समोरची युरोपियन जहाजं मात्र खोल, लढाऊ मोठं जहाज असेल तर पाच-सहा मीटर पाणी लागणार.

आता एक हिशेब करून बघा, मी मुलांना वर्गात हाच करायला लावायचो. समजा एक खडक ओहोटीच्या वेळी पाण्याखाली दोन वाव आहे. वाव म्हणजे साधारण सहा फूट, तेव्हा साडेतीन मीटरच्या जरा वर. गलबत याच्यावरून निवांत जातं. पाच-सहा मीटर बुडणारं जहाज आदळतं. पण उधाणाच्या भरतीला त्याच खडकावर अजून दोन-सव्वादोन मीटर पाणी चढतं, म्हणजे एकूण सहाच्या आसपास, तेव्हा तेच जहाज कदाचित निसटून आत येईलही, आणि सहा तासांनी आत अडकून बसेल. त्यात भर अशी की लाट फुटते ती साधारण आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीवर आली की. दोन वाव खोलीच्या खडकावर फुटायला लाट जवळजवळ तीन मीटरची हवी. पावसाळ्यात अशा लाटा असतात, पण पावसाळ्यात कोणी लढायला येत नाही. येतात ते नोव्हेंबर ते मे, तेव्हा लाट अर्धा-एक मीटरची, ती खडकावरून न फुटता गुपचूप निघून जाते आणि वरून बघणाऱ्याला स्वच्छ निळं पाणी दिसतं. म्हणजे ज्या मोसमात शत्रू येऊ शकतो त्याच मोसमात हे खडक दिसत नाहीत. मला मालवणबद्दल सगळ्यात थोर वाटते ती ही गोष्ट. तटबंदी डोळ्यांना दिसते म्हणून तिचे फोटो निघतात, पण तिच्या बाहेर निसर्गाने घातलेला हा दुसरा कोट ज्याने ओळखला त्या माणसाची नजर काय असेल.

आणि ती नजर एकट्याची नव्हती, वाट माहीत असणारी माणसं इथलीच होती. आजही किल्ल्यावर जाणाऱ्या होडीत बसलात तर तांडेलाकडे, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य खलाशाकडे, लक्ष द्या. तो सरळ जात नाही. किनाऱ्यावरची एक खूण आणि तिच्या मागची दुसरी खूण, एखादं देऊळ, एखादा उंच माड, डोंगराचा कोपरा, अशा दोन खुणा एका रेषेत आल्या की त्या रेषेवर चालतो, मग दुसरी जोडी आली की वळतो. पाण्यातला रस्ता जमिनीवर लिहून ठेवायची ही पद्धत, आणि ती ज्याच्या डोक्यात नाही त्याला चार्ट असूनही इथं धाकधूक वाटते.

किल्ल्याचा दरवाजाही बघा, तो शहराच्या बाजूला, बुरुजांच्या वळणात लपवलेला. लपवण्याचं कारण सगळे सांगतात, पण ती बाजू बेटाच्या आडोशाची, तिथंच पाणी शांत, तिथंच होडी लागू शकते, हेही कारण आहेच. बाहेरच्या अंगाला पश्चिमेची लाट सरळ येऊन आपटते, तिथं पायात शिसं ओतून बांधकाम केल्याचं जे सांगतात त्याची गरज तिथं उभं राहिलं की कळते. मग राजकोट किनाऱ्यावरून आणि पद्मगड दक्षिणेकडून आतल्या पाण्यावर लक्ष ठेवणार, आणि 1668 च्या सुमारास सर्जेकोट कोळंब खाडीच्या तोंडावर. हे चारही मिळून एकच किल्ला समजा. सर्जेकोट का लागला याचं उत्तर पावसाळ्यात आहे. मोठ्या पावसाळी लाटा चार-पाच मीटरच्या येतात तेव्हा बेटामागचा आसराही पुरत नाही, जहाजं खाडीत घ्यावी लागतात, आणि खाडीच्या तोंडावर राखण लागते.

पाण्याचं विचारलं नाहीत पण ते इथंच सांगतो, कारण बेटावर पाणी नसतं तर हे काहीच झालं नसतं. दूध बाव, दही बाव, साखर बाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे, चारी बाजूंनी समुद्र असून. लोक याला चमत्कार म्हणतात, मी म्हणतो जागा निवडणाऱ्याने हेही पाहिलं असणार. बेटाचं क्षेत्र 48 एकर, म्हणजे एकोणीस-वीस हेक्टर. वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तरी या एवढ्याशा जागेवर 48 कोटी लिटरच्या आसपास पाणी पडतं. त्यातलं बरंच वाहून जातं, पण जे मुरतं ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे भेगांमध्ये खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं, त्यात मिसळून जात नाही. विहीर त्या गोड्या थरातच थांबवली आणि उपसा बेताचा ठेवला तर बारमाही पाणी. खोल खणाल किंवा पंप लावून ओढाल तर खालून खारं वर येईल. किनाऱ्यावरच्या वाड्यांतल्या कितीतरी विहिरी याच कारणाने अलीकडे बिघडल्यात, तुमच्या आजोळीही विचारून बघा.

ही सगळी व्यवस्था लगेच कामाला आली. फेब्रुवारी 1665 मध्ये महाराज मालवणहूनच आरमार घेऊन बसरूरवर गेले, इंग्रजांच्या पत्रव्यवहारात 85 गलबतं आणि तीन मोठी जहाजं असा आकडा येतो. म्हणजे त्या काळच्या मोजमापाने मालवण लहान बंदर अजिबात नव्हतं, एवढं आरमार इथं मावत होतं.

मग पडलं कधी? इथं मामांच्या मुद्द्याकडे येऊ. पुढे सातारा आणि कोल्हापूर अशी वाटणी झाली, मालवण कोल्हापूरकडे राहिलं. 1765 मध्ये मुंबईकर इंग्रजांनी मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांच्या हाताखाली मोहीम काढून किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव पण दिलं, पण राखायचा खर्च परवडेना म्हणून पैसे ठरवून कोल्हापूरला परत केला. तुम्ही म्हणाल खडक एवढे भक्कम तर मग घेतला कसा. खडक वेळ मिळवून देतात, मोठ्या जहाजाला लांब ठेवतात, पण आतून बाहेर पडून त्याला सतावणारं आपलं आरमार जोरात असेल तरच त्या वेळेचा उपयोग. ते नसलं तर बेटावरचा किल्ला म्हणजे चारी बाजूंनी वेढलेला किल्ला. शेवटी 1812 च्या तहाने कोल्हापूरने मालवण बंदर, सिंधुदुर्ग आणि बाकीच्या किल्ल्यांसकट इंग्रजांना दिलं, तेही मुख्यतः इथून निघणाऱ्या जहाजांकडून व्यापाऱ्यांना होणारा त्रास, ज्याला ते चाचेगिरी म्हणत, बंद करायला. आरमारी ठाणं म्हणून मालवण त्यांनी संपवलं हे शंभर टक्के खरं, मामा बरोबर आहेत.

पण व्यापारी बंदर म्हणून मारलं का? मला तसं वाटत नाही. त्यांना ते मारायची गरजच पडली नाही. 1818 नंतर कोकणचा बहुतेक किनारा एका सत्तेखाली आला आणि मग प्रत्येक पन्नास मैलांवर आपलं वेगळं बंदर जोपासायचं कारणच उरलं नाही, माल मुंबईला जाणार आणि मुंबईहून येणार. तशात जहाजं वाढत गेली, शिडाची जाऊन वाफेची आली. आगबोट मालवणला यायची, पण धक्क्याला लागायची नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या होडीतून तिच्यापर्यंत न्यायच्या, वर चढायचं ते डुलत्या होडीतून. पावसाळ्यात तेही बंद. तुमच्या आजोबांच्या पिढीत कोणी हयात असेल तर त्यांना विचारा, हे वर्णन माझ्यापेक्षा चांगलं करतील. आणि विचाराच, कारण ही पिढी गेली की ते जाईल.

दुसरं, आणि माझ्या मते तेवढंच मोठं कारण पाण्यात नाही, डोंगरात आहे. बंदर मोठं होतं ते त्याच्या मागच्या मुलखावर. मालवणच्या मागे सह्याद्रीची भिंत आणि फोंडा घाटाची वाट. वेंगुर्ल्याला बेळगावची लष्करी छावणी मिळाली, आंबोलीच्या घाटातून गाडीरस्ता झाला, म्हणून एकोणिसाव्या शतकात ते मालवणच्या पुढे गेलं. पण 1880 च्या दशकात मुरगावहून रेल्वे घाट चढून गेली आणि वेंगुर्ल्याचाही व्यापार तिकडे ओढला गेला. वेंगुर्ल्यासमोर मालवणसारखा आतपर्यंत खडकांचा वेढा नाही, तरी ते बसलंच. म्हणजे खडक नसते तरी मालवणचं मुंबई किंवा मुरगाव झालं असतं असं मी म्हणणार नाही. पुढे कोकण रेल्वे आली, 1998 पासून पूर्ण मार्गावर गाड्या धावायला लागल्या, तीही कणकवली-कुडाळवरून, किनाऱ्यापासून वीस-तीस किलोमीटर आतून.

तर इथपर्यंतचं एका वाक्यात, लहान उथळ जहाजं, कोरड्या मोसमातली लढाई आणि स्थानिक तांडेल या तिन्हीसाठी मालवण अप्रतिम होतं, खोल जहाज, बारमाही वाहतूक आणि घाटावरचा माल या तिन्हीसाठी नव्हतं, आणि राजकारणाने फक्त वेळ ठरवली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, खडक फोडून मोठं बंदर. तांत्रिकदृष्ट्या आज काहीही फोडता येतं, पैसा असला की झालं. मध्यम आकाराच्या मालवाहू जहाजालाही बारा मीटरच्या आसपास पाणी लागतं. तेवढं खोल मालवणच्या आत आणायचं म्हणजे खडक तोडायचे, वर्षानुवर्षांची वाळू काढायची, आणि मग ती वाळू दर पावसाळ्यानंतर परत काढायची, कारण वर सांगितलं तसं इथं झाडून नेणारा प्रवाह नाही. हा खर्च कायमचा.

पण माझा विरोध खर्चासाठी नाही. ते खडक काढलेत तर पावसाळी लाट अडणार कशाने? आज ती बाहेरच्या धोंड्यांवर, मग किल्ल्याच्या बेटावर फुटून मरते आणि जेटीपर्यंत, दांडीच्या घरांपर्यंत जे पोचतं ते उरलेसुरलेलं असतं. देवबागला जाऊन बघा, तिथं समोर बेट नाही, एका बाजूला कर्ली आणि एका बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिथं दर पावसाळ्यात किनारा खचतो, माड पडतात, लोक बंधाऱ्यासाठी अर्ज करत राहतात. मालवण बाजारात तसं होत नाही ते या खडकांमुळे. फोडणं एकदाच होतं, परत लावता येत नाहीत.

आणि त्या खडकांवर जीव आहे. सिंधुदुर्गाभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत, पोराइटिस, टर्बिनारिया वगैरे, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असं फार थोड्या ठिकाणी सापडतं. म्हणूनच 1987 ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा किल्ला आणि पद्मगडाच्या आजूबाजूचा. प्रवाळाला स्वच्छ पाणी आणि उजेड लागतो, ड्रेजिंगचा (तळ उपसण्याचा) गाळ त्यांच्यावर बसला की ते गुदमरतात. अभयारण्याबद्दल मच्छीमारांच्या मनात राग आहे हेही सांगायला हवं, आणि तो खोटा नाही, आपल्या पिढीजात पाण्यात आपल्यालाच बंदी होईल ही भीती त्यांना पहिल्या दिवसापासून आहे आणि त्यांना विचारात न घेता कागदावर रेषा मारल्या तर ती जाणारही नाही. पण हेच मच्छीमार, रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि छोट्या गिलनेटवाले, पर्ससीनच्या, म्हणजे मासळीच्या थव्याला घेरणाऱ्या मोठ्या यांत्रिक जाळ्याच्या, विरोधात वर्षानुवर्षं उभे राहिले, 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले त्यात त्यांच्या लढ्याचा मोठा वाटा. खडकांच्या कपारीत मासळी वाढते हे त्यांना कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना सुरक्षित धक्का हवा, बर्फ हवा, डिझेल वेळेवर हवं, मासळीला भाव हवा. मालवणच्या बंदराचा विकास करायचाच तर मी तिथून सुरुवात करीन.

पुढच्या वेळी आजोळी जाल तेव्हा हे सगळं स्वतः बघा. पौर्णिमा किंवा अमावास्येला जोडून जा, तेव्हा उधाण असतं, भरती दुपारी बाराच्या थोडी आधी आणि पूर्ण सुकती संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास, सकाळीही साधारण तशीच. बाकी दिवसांसाठी कोकणातला जुना हिशेब, तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. म्हणजे अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईच्या अंगाने जास्त जुळतो, मालवणला तासभर आधी धरा. पण अष्टमीला जाऊ नका, तेव्हा भांग असतो, पाणी फारसं उतरत नाही आणि काही दिसत नाही. सुकतीच्या तासभर आधी राजकोटवर उभे राहा आणि पाणी उतरेल तसे कुठले धोंडे कुठल्या क्रमाने वर येतात ते बघा, कागदावर टिपा. दुसऱ्या दिवशी दांडीवर जा, मोरयाचा धोंडा बघा, पद्मगडाकडची वाळू उघडी पडली असेल तर स्थानिक कोणाला तरी सोबत घेऊन जा, एकटे जाऊ नका, भरती परत फिरली की ती पट्टी झटपट बुडते. आणि मग होडीने किल्ल्यावर जाताना तुमची टिपलेली पानं तांडेलाला दाखवा. तो तुमच्या नकाशात नसलेले चार धोंडे सांगेल, नावासकट. ती नावं लिहून घ्या आणि इथं टाका, माझ्याकडे काही आहेत, ताडून बघू.